धाबं गेलं, सिलप आली, आणि गारवा कोणाच्या हिशोबात राहिला?

पोस्ट लांब आहे. उन्हाळा आहे, दुपारी बाहेर निघता येत नाही, तर वाचून काढा.

आपला बुलडाणा जिल्हा बोलण्यातच दोन भागांत वाटलेला आहे. घाटावरचे आणि घाटाखालचे. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, लोणार. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. घाटाखाली मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो हे कोणाला सांगायला नको. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलंय. थंड हवेचं ठिकाण म्हणून इंग्रजांना ते आवडलं आणि पुढे तेच जिल्ह्याचं मुख्यालय झालं. साहेब डोंगरावर गेला. खालच्या माणसाने काय केलं? त्याने घर थंड ठेवलं. वीज नव्हती, पंखा नव्हता, कूलर नव्हता. होतं ते धाबं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन-दोन, तीन-तीन हात जाडीच्या मातीच्या भिंती. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर बारीक लाकडाच्या फळ्या. त्यावर तुराट्या नाहीतर कडुनिंबाचा पाला, म्हणजे वाळवी लांब राहते. मग चिखलाचा थर. आणि सगळ्यात वर पांढरी माती, काही गावांत तिला खारी म्हणतात. दुपारचं ऊन हा थर ओलांडून आत यायच्या आधी सूर्य मावळायचा. याला आता इंग्रजीत इन्सुलेशन म्हणतात आणि त्याचा चौरस फुटाचा दर सांगतात.

माती पांढरीच का? काळी माती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते. छतावर टाकली तर पहिल्याच पावसात घरात धारा. पांढरी माती तशी फाटत नाही. खारट मातीत सोडियम असतं, ती भिजली की तिचे बारीक कण भोकं बुजवतात आणि पाणी वरूनच वाहून जातं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हाच गुण शेतकऱ्याच्या मुळावर येतो, कारण शेतात पाणी मुरत नाही. शेताला जे मारक, ते छताला तारक. हे कोणत्या प्रयोगशाळेने नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या गळक्या घरांनी शिकवलं.

ही माती यायची कुठून? गावाची गढी नाहीतर जुनं पांढरीचं टेकाड खणून. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षं माणूस राहिला, घरं पडली, राख साचली, त्यातून ती पांढरी झाली. संग्रामपूर तालुक्यात भोन इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं तेव्हा सातवाहनकाळापर्यंत मागे जाणारी वस्ती हाती लागली. अशा किती वस्त्या टोपल्या भरभरून धाब्यांवर गेल्या असतील याचा हिशोब नाही. म्हणजे पूर्वजांचं गाव डोक्यावर घेऊन लोक गारव्यात झोपत होते.

आता कामाचा करार बघा, कारण खरा मुद्दा तो आहे. बारा बलुतेदारांत सुतार होता. धाब्याचा सांगाडा त्याचा, आणि त्याचं बलुतं वर्षाच्या धान्यात. कडी वाकली तर तो त्याच गावात, समोरच्याच गल्लीत. गवंडी बलुत्यात नव्हता, त्याला रोजाने बोलवायचे. पण खारी टाकायचं काम घरचंच. आखाजी झाली की मृगाच्या आत बाया-माणसं-पोरं मिळून ते उरकायची. म्हणजे घर थंड ठेवणं हे एकदाच देऊन टाकायचं कंत्राट नव्हतं. ते दरवर्षीचं काम होतं आणि घरातल्या प्रत्येकाला ते येत होतं.

बदल रेल्वेबरोबर आला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. १८६०च्या दशकात मलकापूर-शेगाववरून मुख्य लाईन गेली. १८७० मध्ये कापसासाठी जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. गाडी कापूस घेऊन जायची आणि येताना बाहेरचा माल आणायची. पुढे मंगळुरी कौलं आली, नालीदार पत्रे आले. पत्रा हलका, झटपट बसतो, दरवर्षी खारी नको. फक्त खाली बसवत नाही.

तरी धाबं टिकून होतं. त्याचा खरा घात झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली कितीतरी झोपेत, आपल्याच छताखाली. तिकडे धाब्याला माळवद म्हणतात. भिंती दगड-मातीच्या, आणि वर वर्षानुवर्षं थरावर थर. हिशोब करा. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन. जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकत गेलं की हे असं होतं. म्हणून "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या मातीने गारवा दिला आणि त्याच मातीने माणसं गाडली. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर ज्याला त्याला सिलप हवी झाली, आणि त्यात चूक काही नाही. पण सिलप आली तेव्हा वजनासोबत गारवाही गेला, आणि त्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरले. त्यात छत उभं राहतं. छत थंड करायला काही उरत नाही.

आमच्या घराचंच सांगतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करायला ठेकेदार लावला. दर चौरस फुटावर ठरला. जाडी किती, उतार कुठे, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पहिल्या पावसात पाणी मधेच तुंबलं. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. तो गच्चीवर उभा राहून म्हणाला, "भाऊ, तुमी फुटाचा भाव केला. पाण्याचा रस्ता इचारलाच नाई, अन् उन्हाचं तं नावच नाई घेतलं."

म्हणून एवढंच. काम देताना तोंडी बोलू नका, साध्या कागदावर लिहा. कोबा किती इंच, उतार कोणत्या कोपऱ्याकडे, पाणी साठवून किती दिवस तपासणार, वर पांढरा चुना किंवा रंग कोण देणार, आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर. चार इंची कोबा दहा बाय दहावर दीड-दोन टन भरतो, तेव्हा सिलप तेवढं पेलते का ते आधी जाणकाराला विचारा. पत्र्यावर वजन टाकूच नका. वरून पांढरा रंग आणि खालून बांबूची चटई किंवा तुराट्यांचं छत, एवढ्यानेही फरक पडतो.

आणि सरकारकडे मागणी एकच. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. घाटाखालच्या घरकुलाच्या अंदाजपत्रकात छत थंड करण्याची एक ओळ, आणि योजनेत गवंड्यांना जे प्रशिक्षण मिळतं त्यात या कामाचे दोन दिवस, एवढं तरी आपल्याकडे व्हायला हरकत नाही.

तुमच्या गावात धाबं घातलेला म्हातारा मिस्त्री अजून असेल, तर यंदा त्याच्याकडून थर विचारून लिहून घ्या. आमच्याकडचा ऐंशीच्या घरात आहे.