वितंडेला उत्तर

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याच्या निर्णयासाठीं चालतो तो वाद. केवळ जयासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा नुसता खोडीत राहणें ती वितंडा. वितंडा करणाऱ्याशीं कसें वागावें, याचा एक धडा मराठवाड्याच्या इतिहासांत सांपडतो.

आजच्या लोहारा तालुक्यांतील हिप्परगा येथें, निजामाच्या अमदानींत, एक राष्ट्रीय शाळा चालत असे. स्वामी रामानंद तीर्थ हे तेथें शिक्षक होते. पुढें ते हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी झाले. सर्व प्रजेस जबाबदार राज्यपद्धति मिळावी, ही या संस्थेची मागणी. परंतु १९३८ सालीं ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच सरकारनें तिच्यावर बंदी घातली. आक्षेप असा कीं, ही संस्था जातीय, म्हणजे एका धर्माच्या लोकांपुरती आहे.

ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदुमहासभा यांचेही लढे चालू होते. त्यामुळें सरकारचा आरोप तिऱ्हाइतास खरा वाटण्याचा संभव होता. म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानें डिसेंबरांत काँग्रेसनें आपला सत्याग्रह तहकूब केला. अनेक सहकारी तुरुंगांत असतां असें थांबणें सोपें नव्हतें. मग वाटाघाटींत आक्षेपानें जागा बदलली व तो नांवावर आला. "नॅशनल कॉन्फरन्स" हें नांव घेण्याचीही तयारी दाखविण्यांत आली. तरीही बंदी उठली नाहीं!

येथें मात्र आक्षेपकाचें पितळ उघडें पडलें. नांव हा बहाणा होता. नको होती ती जबाबदार राज्यपद्धतीची मागणीच. ती मागणी काँग्रेसनें सोडली नाहीं. १९४० सालीं स्वामीजी व त्यांचे कांहीं सहकारी वैयक्तिक सत्याग्रहांत कारावासास गेले. १९४६ सालीं बंदी उठली, आणि सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवटच संपुष्टांत आली.

आक्षेपाला एकदां सरळ उत्तर द्यावें. मूळ मुद्दा राखून जें सोडतां येईल तें सोडावें. पण आक्षेप पुनःपुन्हां जागा बदलूं लागला कीं त्याचा पाठलाग करूं नये. वितंडा करणाऱ्यास पटवितां येत नाहीं. निवाडा करणारे दुसरेच असतात. ते मुकाट्यानें ऐकत असतात, आणि कोणी काय सोडलें व काय धरून ठेवलें, हें त्यांच्या ध्यानांत राहतें.