सत्तर भुजंगधारी : पुण्यातल्या एका वेधकर्त्याचा दावा

दुसऱ्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखी जगे असतील का, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार पूर्वीपासून विचारलेला आहे. परंतु एका विशिष्ट ताऱ्याकडे बोट दाखवून, दुर्बिणीने घेतलेल्या मापांच्या आधारे, 'येथे ग्रह असण्याची शक्यता फार मोठी आहे' असे प्रथम म्हणणाऱ्या माणसाची वेध घेण्याची उमेदवारी आपल्या पुण्यात झाली होती, हे मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. त्याचा दावा पुढे चुकीचा ठरला. तरीही त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे. किंबहुना तो चुकीचा ठरला म्हणूनच ती अधिक सांगण्याजोगी आहे.

जेकबचा जन्म १८१३ साली इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनियर्स या दलात दाखल होऊन तो हिंदुस्थानात आला आणि काही काळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामावर होता. १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली. पेशवाई बुडून तेव्हा अवघी चोवीस वर्षे झाली होती. या वेधशाळेत त्याने जोडताऱ्यांची मापे घेतली आणि १८४५ ते १८४८ या काळात वेध घेतलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली. त्या बळावर १८४८च्या अखेरीस मद्रास वेधशाळेचे संचालकपद त्याच्याकडे आले.

जोडतारा म्हणजे परस्परांभोवती फिरणारे दोन तारे. भुजंगधारी या तारकासमूहातला सत्तर क्रमांकाचा तारा असाच आहे. विल्यम हर्शेलने १७७९ साली तो दुहेरी असल्याचे पाहिले. सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षे दूर असलेली, सूर्याहून किंचित थंड अशा दोन ताऱ्यांची ही जोडी सुमारे ८८ वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करते. न्यूटनच्या नियमाप्रमाणे दोघांची सापेक्ष कक्षा स्वच्छ लंबवर्तुळ असावयास हवी. जेकबने हर्शेलपासूनची मापे आणि गणिताने येणाऱ्या जागा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा त्या जुळेनात. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असत्या तर त्याने त्या सोडून दिल्या असत्या. पण त्यांच्यात त्याला काही नियमितपणा दिसला. लहान तारा एका अदृश्य सोबत्यासह सुमारे २६ वर्षांत एक लहानसा फेरा घेतो असे मानले, तर हा नियमितपणा उलगडतो, असे त्याने मांडले. हा सोबती ग्रह असावा. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात १८५५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

हा विचार वेडगळ नव्हता. न दिसणाऱ्या वस्तूचा तिच्या ओढीवरून माग काढणे ही त्या काळातली सर्वांत मोठी शास्त्रीय विजयगाथा होती. युरेनसच्या वाकड्या चालीवरून नेपच्यूनचे स्थान वर्तवले गेले आणि १८४६ साली तो सापडला. व्याध व प्रश्वा या ताऱ्यांना अदृश्य सोबती असले पाहिजेत असे बेसेलने १८४४ साली सांगितले होते. त्यांपैकी व्याधाचा सोबती १८६२ साली अमेरिकेत ॲल्व्हन क्लार्कला दुर्बिणीतून दिसला. जेकबने वापरलेले तर्कशास्त्र हेच होते. शिवाय इतर जगांवर वस्ती आहे काय, या प्रश्नावर विल्यम ह्यूएल आणि डेव्हिड ब्रूस्टर यांच्यात इंग्लंडात तेव्हा मोठा वाद पेटला होता. त्या वादात जेकबनेही १८५५ सालीच एक पुस्तिका लिहून भर घातली. म्हणजे ग्रह असणे आणि ग्रह वसतियोग्य असणे, हे दोन्ही प्रश्न एकाच वर्षी त्याच्या मेजावर होते.

मग चूक कोठे झाली? आकड्यांकडे पाहिले की ती समजते. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे सुमारे पाच किलोमीटरवरून पाहिले, तर ते साधारण एक विकला एवढे दिसेल. त्या काळचा वेधकर्ता डोळ्याने, तारेच्या सूक्ष्ममापकाने, विकलेच्या काही दशांशांपर्यंतच भरवसा देऊ शके. आता आपल्या गुरूचे उदाहरण घेऊ. गुरूच्या ओढीमुळे सूर्य सुमारे साडेसात लाख किलोमीटर त्रिज्येच्या लहानशा वर्तुळात डोलतो. सत्तर भुजंगधारीच्या अंतरावरून पाहिले तर हा डोल भरेल विकलेचा जेमतेम एक सहस्रांश. अर्थात् जेकबला दिसलेली तफावत ग्रहाची असणे शक्यच नव्हते. ती मापांची, म्हणजे वेगवेगळ्या वेधकर्त्यांच्या डोळ्यांची आणि सवयींची होती. त्यातून १७७९ ते १८५५ या ७६ वर्षांत ताऱ्याची एक प्रदक्षिणाही पुरी झालेली नव्हती. अपुऱ्या वर्तुळावरून त्याने वर्तुळातला बारीक दोष शोधला होता.

या ताऱ्याने पुढेही अनेकांना मोह घातला. १८९६ साली अमेरिकेतल्या टी. जे. जे. सी याने ३६ वर्षांच्या फेऱ्याचा अदृश्य सोबती जाहीर केला. १८९९ साली फॉरेस्ट मोल्टनने गणिताने दाखवले की सीने कल्पिलेली त्रयी स्थिर राहूच शकणार नाही. १९४३ साली डर्क रॉयल आणि एरिक होल्मबर्ग यांनी छायाचित्रांवरून आणखी एक सोबती सुचवला. तोही टिकला नाही. आजवर या जोडताऱ्याभोवती एकही ग्रह सिद्ध झालेला नाही.

याच भुजंगधारीत बर्नार्डचा तारा आहे, केवळ सहा प्रकाशवर्षांवर. पीटर व्हान डी काम्प याने अनेक दशकांच्या छायाचित्रांवरून १९६३ साली त्याच्याभोवती ग्रह असल्याचे सांगितले. १९७३ साली इतरांच्या मापांत त्याचा मागमूस मिळाला नाही; दुर्बिणीच्या भिंगाच्या जुळणीतले बदल ताऱ्याच्या चालीत मिसळले होते, असे दिसून आले. २०१८ साली निराळ्या पद्धतीने दुसरा ग्रह जाहीर झाला आणि त्यावरही काही वर्षांतच गंभीर आक्षेप आले. अखेर २०२४ आणि २०२५ साली चार लहान ग्रह निश्चित झाले. ते ताऱ्याच्या इतके जवळ आहेत की पाणी द्रवरूपात राहण्याची आशा तेथे नाही.

यश आले ते पद्धत बदलल्यावर. आकाशातले डोलणे मोजण्याऐवजी ताऱ्याच्या प्रकाशाचे वर्णपट तपासून त्याची पुढेमागे होणारी गती मोजावयाची, ही ती पद्धत. १९९२ साली एका मृत ताऱ्याभोवती, म्हणजे पल्सारभोवती, त्याच्या स्पंदांच्या वेळेवरून ग्रह सापडले होते. १९९५ साली मायोर आणि केलोझ यांनी सूर्यासारख्या ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह वर्णपटावरून शोधला आणि २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे केप्लर दुर्बिणीने (२००९ ते २०१८) ताऱ्यासमोरून ग्रह जाताना मंदावणारा प्रकाश मोजला. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर दूरच्या निरीक्षकाला सूर्यप्रकाशात दहा लाखांत सुमारे ८४ भागांची घट दिसेल, एवढ्यावरून या कामाची बारकाई कळावी. २०२५ साली ज्ञात बाह्यग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली. मात्र वसतियोग्य म्हणता येईल असा एकही निर्विवाद ग्रह त्यांत नाही. 'वसतियोग्य पट्टा' या शब्दाचा अर्थ एवढाच, की तेथील ऊब पाणी द्रवरूप राहण्याजोगी असू शकेल. हवा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी निगडित वायूची चाहूल लागल्याचे केंब्रिजच्या गटाने सांगितले आणि लगोलग इतर अभ्यासकांनी तो संकेत पुरेसा बळकट नसल्याचे दाखवले. जेकबच्या मद्रासपासून आपण फार दूर आलो आहोत, असे म्हणताना थोडे जपूनच म्हणावे.

जेकबचा शेवट चटका लावणारा आहे. उंच डोंगरावरच्या निवळ हवेत वेधशाळा असावी, हा त्याचा ध्यास होता. १८६२ साली ब्रिटिश पार्लमेंटने पुण्याजवळच्या अशा वेधशाळेसाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतः विकत घेतली होती. ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबईस उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात मरण पावला. वय ४८ वर्षे. वेधशाळेची योजना त्याच्याबरोबरच संपली. पुढे १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यातच कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तख्तसिंहजी वेधशाळा चालवली. तिची २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि ती वेधशाळाही बंद पडून साहित्य कोडाईकनालला गेले. पुण्यात अशा कामाला स्थायी घर मिळाले ते १९८८ साली, जयंत नारळीकरांच्या आयुकामुळे.

माझ्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. जेकबची चूक त्याच्या बुद्धीची नव्हती. ताऱ्याचा फेरा ८८ वर्षांचा आणि माणसाची उमेद विसापंचविसाची. हा हिशेब एकट्याला जुळवता येत नाही. हर्शेलची मापे कोणीतरी जपली म्हणून जेकबला शंका घेता आली, जेकबची जपली म्हणून इतरांना ती तपासता आली. जेथे संस्था व्यक्तीबरोबर मिटते, तेथे चूकसुद्धा नीट दुरुस्त होत नाही, ती नुसती विसरली जाते. 'पहिला ग्रह आम्ही सांगितला' असा अभिमान मिरवण्यापेक्षा, पुण्यातल्या दोन वेधशाळा एकेका माणसाबरोबर का मिटल्या, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

सत्तर भुजंगधारी नुसत्या डोळ्यांनी दिसतो, चौथ्या प्रतीचा असल्याने अंधार मात्र हवा. पुण्याच्या झगमगाटात तो आता शोधून सापडणे कठीण. मारुती चितमपल्लींनी मराठी वाचकांना ज्याची ओळख करून दिली त्या नवेगावबांधच्या तलावाकाठी, नागझिऱ्याच्या जंगलाकडेला, गोंदिया जिल्ह्याच्या आकाशात मे महिन्याच्या उत्तररात्री तो दक्षिणेकडे बराच उंच येतो. ज्या गोंड समाजाच्या नावाशी या जिल्ह्याचे नाव जोडले जाते, त्याने मृगात तिफण आणि सप्तर्षींत म्हातारीची खाट व ती पळवू पाहणारे चोर पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या सांगत ते जपले. लिखित मापांशिवाय टिकलेली ही आकाशाची आठवण. वेधशाळांना नेमके जे साधले नाही, ते सातत्य तिच्यात आहे. तो अंधार राखला, तर जेकबचा तारा तेथून पुढल्या पिढीलाही पाहता येईल.