१८७० ची भिंत: अमेरिकेतल्या गुलाम पूर्वजांचा माग कसा काढतात?

१८५० साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात एका म्हाताऱ्या जमीनदाराने मृत्युपत्र केलं. कुणाला काय द्यायचं ते त्याने नीट लिहून ठेवलं. चरखे, विळे, टेबलक्लॉथ, गुरंढोरं आणि मेल्विनिया नावाची एक मुलगी. ती तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे मालमत्तेची किंमत ठरवली गेली, तेव्हा तिची किंमत धरली ४७५ डॉलर.

या मेल्विनियाच्या खापरपणतीची मुलगी म्हणजे मिशेल ओबामा.

२००९ साली न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं. वंशावळीच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी कागद शोधून हा धागा जुळवला होता. पण असा धागा सहसा जुळत नाही. आफ्रिकन अमेरिकन कुटुंबं मागे मागे जात एका ठिकाणी अडकतात. तिथले लोक त्याला '१८७० ची भिंत' म्हणतात.

ही भिंत काय आहे? अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहायला १८५० पासून सुरुवात झाली. पण प्रत्येक म्हणजे प्रत्येक स्वतंत्र माणसाचं. गुलामांसाठी १८५० आणि १८६० ला वेगळे तक्ते होते. त्यात नाव मालकाचं, आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. '३० वर्षं, स्त्री, काळी' एवढंच. १८६० मध्ये असे सुमारे ४० लाख लोक होते. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८७० च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा नावानिशी दिसली. (आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केलं ते १८७३ मध्ये. म्हणजे ही नोंद त्याच्या तीनच वर्षं आधीची.)

शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा. आधी घरातली माणसं, मग मृत्यूचे दाखले, मग जनगणना. जनगणनेची पानं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे १९५० पर्यंतची आज बघता येतात. फॅमिलीसर्च या मॉर्मन चर्चच्या साइटवर ती फुकट आहेत. वाटेत एक मोठा खड्डा लागतो. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर हातचे गेले. त्यामुळे १९०० वरून थेट १८८० वर उडी मारावी लागते. नावाच्या स्पेलिंगवर आणि वयावर अडून बसू नका. प्रगणक ऐकू येईल तसं लिहायचा, आणि गुलामगिरीत जन्मलेल्या कित्येकांना स्वतःचं जन्मवर्ष माहीतच नसायचं. दुसऱ्या कुणीतरी ऑनलाइन टाकलेली वंशावळ जशीच्या तशी उचलणं हा तर सगळ्यात सोपा घोटाळा.

१८७० च्या मागे जायचं असेल तर आधी मालक शोधावा लागतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कागद त्याच्याच नावावर आहेत. मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, खरेदीखतं, गहाणखतं. हे सगळं काउंटीच्या कोर्टात असतं. आडनाव कधी कधी मालकाचं असतं, पण नेहमी नाही. म्हणून १८७० च्या पानावर शेजारी कोण राहतं तेही बघतात. मेल्विनियाला मालकाच्या मृत्यूनंतर जॉर्जियात शील्ड्स कुटुंबाकडे पाठवलं होतं. १८७० मध्ये ती तिथेच शेतमजूर होती, आडनाव शील्ड्स, आणि शेजारची जमीन जुन्या मालकाच्या मुलाची, चार्ल्स शील्ड्सची. तिच्या चार मुलांपैकी तिघांपुढे 'मिश्र वर्णाचे' अशी नोंद होती.

मुक्तीनंतरचे काही कागदही मागचं सांगतात. १८६५ मध्ये मुक्त झालेल्यांसाठी सरकारने फ्रीडमन्स ब्यूरो काढला. त्यात मजुरीचे करार आणि लग्नाच्या नोंदी आहेत. त्याच वर्षी निघालेल्या फ्रीडमन्स बँकेत खातं उघडताना आईवडील, भावंडं, मुलं यांची नावं लिहून घेत. काही जुन्या नोंदींत तर मालकाचंही नाव आहे. बँक १८७४ मध्ये बुडाली, कष्टाने साठवलेले पैसे गेले. वह्या मात्र राहिल्या.

पण सगळ्यात बोलके कागद पेन्शनचे. यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक होते. सैनिक वारला की विधवेला पेन्शन मिळायची, पण लग्न सिद्ध करावं लागायचं. आणि गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमतच नव्हती. दाखला आणणार कुठून? मग जुन्या सोबत्यांच्या साक्षी व्हायच्या. लग्न कुठल्या मळ्यावर झालं, मालक कोण होता, मुलं कधी झाली, कुणाला कुठे विकलं. सरकारी बाबूच्या संशयामुळे या बायकांना आयुष्य उलगडून सांगावं लागलं, आणि म्हणून ते आज वाचता येतं. या फाइल्स वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पूर्वज सैनिक होता अशी नुसती कुजबुज घरात असेल, तरी पहिली धाव तिथे घ्यावी.

कागद संपले की डीएनए. ओबामांच्या बाबतीत नंतर दोन्ही शील्ड्स कुटुंबांच्या वंशजांनी चाचण्या केल्या आणि रक्ताचं नातं निघालं. मेल्विनियाच्या थोरल्या मुलाचा बाप बहुधा तोच मालकाचा मुलगा चार्ल्स असावा. ते कुठल्या परिस्थितीत घडलं, हे मात्र चाचणी सांगू शकत नाही.

मेल्विनिया १९३८ मध्ये वारली, नव्वदी ओलांडून. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांच्या नावासाठी जागा होती. तिथे एका नातेवाइकाने सांगितलं ते लिहिलंय, 'माहीत नाही'.