रोड सायकलचे टिकाऊ टायर: पंक्चर का होतं, टायर किती चालतो आणि कोणता घ्यावा?

पहिली रोड सायकल घेतली की महिन्याभरात बहुतेकांना एकच प्रश्न पडतो: "एवढे पातळ टायर आपल्या रस्त्यांवर टिकणार का?" मग शोध सुरू होतो. एक जण सांगतो अमुक टायर घे, पंक्चरच होत नाही. दुसरा म्हणतो तोच टायर पावसात घसरतो. तिसऱ्याच्या मते टायर कुठलाही घ्या, हवा नीट भरा म्हणजे झालं.

गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. कारण "टिकाऊ" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात: काटा किंवा काच आत न शिरणं, रबर जास्त किलोमीटर चालणं आणि टायरची बाजू फाटू न देणं. एकच टायर तिन्ही बाबतीत सारखाच चांगला असेल असं नाही. आज आपण हे नीट समजून घेऊ, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

टायरच्या आत काय असतं?

बाहेरून काळं रबर दिसतं, पण रोड टायरमध्ये मुख्य चार भाग असतात.

१. ट्रेड: रस्त्याला टेकणारा रबराचा पट्टा. रबर कडक असेल तर जास्त किलोमीटर चालतं, पण ओल्या रस्त्यावर पकड थोडी कमी मिळते. मऊ रबर चिकटून चालतं, पण लवकर झिजतं.

२. केसिंग: रबराखालचं धाग्यांचं कापड. एका इंचात किती धागे आहेत ते टीपीआय या आकड्यात सांगतात. धागे बारीक आणि जास्त असतील तर टायर लवचिक आणि हलका होतो. धागे जाड असतील तर टायर दणकट पण थोडा ताठ वाटतो. एक लक्षात ठेवा, काही कंपन्या सगळ्या थरांचे धागे मिळून आकडा देतात. त्यामुळे दोन ब्रँडच्या टीपीआयची थेट तुलना करू नका.

३. पंक्चर रोखणारा थर: याला ब्रेकर किंवा बेल्ट म्हणतात. हा ट्रेड आणि केसिंगच्या मध्ये असतो. पंक्चरविरोधी टायरचा खरा खेळ इथेच आहे.

४. बीड: रिममध्ये अडकणारी कडा. ती तारेची असेल तर टायर स्वस्त आणि जड असतो. अरामिड धाग्याची असेल तर टायर घडी करून बॅगेत ठेवता येतो. टायर "फोल्डिंग" आहे म्हणून पंक्चर कमी होतं, असं मात्र नाही.

पंक्चर रोखणारे थर कोणते?

केव्हलर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये वापरला जाणारा हा अरामिड धागा १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून आला. बऱ्याच टायरमध्ये अशा अरामिड धाग्याचा पट्टा असतो. हा पट्टा काच आणि खडी यांचे काप चांगले अडवतो. पण तो शेवटी विणलेला असतो, त्यामुळे सुईसारखं बारीक टोक धाग्यांच्या मधून शिरू शकतं.

कॉन्टिनेंटलच्या ग्रँड प्रिक्स ५००० मध्ये व्हेक्ट्रन नावाचा धागा वापरतात. नासाचं मार्स पाथफाइंडर यान १९९७ मध्ये मंगळावर उतरलं, तेव्हा त्याच्या एअरबॅगही व्हेक्ट्रनच्याच होत्या. याच कंपनीच्या गेटरस्किन टायरमध्ये पॉलीएक्स नावाचा घट्ट विणलेला थर असतो आणि बाजूंवर ड्युरास्किन नावाचं वेगळं कापड असतं.

श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसची पद्धत अगदी वेगळी आहे. त्यात ट्रेडखाली सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो. टाचणी टोचली तरी ती या थरातच अडकते आणि ट्यूबपर्यंत पोचत नाही. पण या संरक्षणाचं वजन लागतं. २५ मिलिमीटरचा चांगला रेसिंग टायर २२० ग्रॅमच्या आसपास असतो, मॅरेथॉन प्लस त्याच्या दुपटीहून जड आहे.

आपल्या रस्त्यांवर पंक्चर कशामुळे होतं?

टायर निवडण्याआधी तुमचा रस्ता ओळखा.

- ट्रकच्या टायरची तार: हायवेवरचा सगळ्यात त्रासदायक प्रकार. ट्रकचे रेडियल टायर फुटले की त्यातल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा शोल्डरवर पसरतात, आणि आपण चालवतो नेमकं तिथूनच.
- काटे: बाभळीचा काटा आणि सराटे (गोखरू). सराट्याची ही वनस्पती अमेरिकेतही पोचली आहे आणि तिथे तिला "पंक्चरवाइन" असंच म्हणतात! गावाकडच्या रस्त्याच्या कडेला किंवा कच्च्या जागेत सायकल आडवी ठेवताना जपा.
- काच: शहरात, खास करून सिग्नलजवळ आणि पुलांच्या कडेला.
- खड्डा: यात टायरमध्ये काहीच घुसत नाही. हवा कमी असते, रिम खड्ड्याच्या कडेवर आपटते आणि मध्ये ट्यूब चिरडते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोकं दिसतात, म्हणून याला "स्नेक बाइट" म्हणजे सापाचा चावा म्हणतात. कितीही महागडा पंक्चरविरोधी थर असला तरी तो हे थांबवू शकत नाही.

पावसाळ्यात पंक्चर वाढतात असा बहुतेक रायडर्सचा अनुभव आहे. त्याला कारण आहे. पाणी वंगणासारखं काम करतं, त्यामुळे काच आणि तार रबरात सहज शिरतात. शिवाय कडेचा कचरा वाहून रस्त्याच्या मध्यावर येतो.

रायडर्सचा अनुभव काय सांगतो?

रोज कॉलेज किंवा ऑफिसला जाणारे: यांना वेगापेक्षा वेळेवर पोचणं महत्त्वाचं. हे लोक जाड थराच्या टायरवर खूश असतात. तक्रार एवढीच की सायकल जड वाटते आणि टायर रिमवर चढवताना अंगठे दुखतात. घरी एकदा चढवून-उतरवून सराव करा. रस्त्यावर पहिल्यांदाच प्रयत्न केलात तर फजिती होते.

ब्रेव्हे करणारे: ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. रात्री दोन वाजता हायवेवर टॉर्च तोंडात धरून ट्यूब बदलणं कोणालाच नको असतं. म्हणून इथे गेटरस्किनसारखे मधले टायर बरेच दिसतात. टायर खूप चालतो, पण राइड थोडी कडक वाटते आणि ओल्या वळणावर जपून चालवावं लागतं, असं अनेक जण सांगतात.

घाट आणि रेस करणारे: यांना उतारावर पकड हवी असते. हे लोक ग्रँड प्रिक्स ५००० सारखे लवचिक टायर लावतात आणि अधूनमधून होणारं पंक्चर मान्य करतात.

आता माझाच एक किस्सा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळच्या पुढे मागचा टायर बसला. घाईघाईत नवी ट्यूब टाकली आणि निघालो. दहा मिनिटांत पुन्हा फुस्स! टायर आतून तपासलाच नव्हता. बोटभर लांबसुद्धा नसलेली तार तशीच आत टोचलेली होती. जवळची एकच ट्यूब संपली होती. भर उन्हात सायकल ढकलत पंक्चरवाला शोधावा लागला. त्यानं आधी टायरमधून बोट फिरवलं, तार काढून माझ्या हातावर ठेवली आणि मगच ट्यूब पाण्यात बुडवली. चूक टायरची नव्हती, माझी होती.

टायर किती किलोमीटर चालतो?

हे तुमचं वजन, रस्ता, हवा आणि ब्रेक मारायची सवय यावर अवलंबून आहे. ढोबळमानाने, हलका रेसिंग टायर मागच्या चाकावर ३,००० ते ५,००० किलोमीटर चालतो. दणकट टायर त्याच्या दीडपट-दुप्पट चालल्याचे अनुभव नेहमीचे आहेत.

मागचा टायर नेहमी आधी झिजतो, कारण शरीराचा जास्त भार आणि पॅडलची ताकद त्याच्यावर असते. म्हणून जुने रायडर एक युक्ती करतात: मागचा झिजला की पुढचा काढून मागे लावायचा आणि नवा टायर पुढे बसवायचा. पुढचा टायर घसरला किंवा फुटला तर सायकल सावरणं फार कठीण असतं, म्हणून चांगला टायर कायम पुढेच हवा.

किंमत बघताना हा हिशोब करा. समजा, एक टायर २,००० रुपयांचा आहे आणि ४,००० किलोमीटर चालतो, तर खर्च आला किलोमीटरला ५० पैसे. दुसरा ३,५०० रुपयांचा आहे पण ८,००० किलोमीटर चालतो, तर खर्च ४४ पैशांच्या आत. म्हणजे महाग दिसणारा टायर प्रत्यक्षात स्वस्त पडू शकतो.

हवा किती भरायची?

टायरच्या बाजूवर लिहिलेला सर्वात मोठा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. वजन कमी असेल किंवा टायर रुंद असेल तर कमी हवा लागते. खूप जास्त हवा भरली की सायकल उड्या मारते आणि पकड कमी होते. कमी हवेत स्नेक बाइट होतो. रिम हुकलेस प्रकारची असेल तर ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर जाऊ नका.

रोड सायकलच्या ट्यूबमधून हवा हळूहळू कमी होतच असते. आठवड्यातून एकदा तरी गेज असलेल्या पंपाने तपासा. अंगठ्याने दाबून येणारा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

शक्य असेल तर २३ ऐवजी २८ मिलिमीटरचा टायर लावा. जास्त हवा मावते, खड्ड्यातला धक्का कमी बसतो आणि वेगात फारसा फरक पडत नाही. व्यावसायिक रेसमध्येही आता २८ किंवा त्याहून रुंद टायर सर्रास वापरतात. घेण्याआधी फ्रेम आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे ना, ते बघा. साइज वाचताना २८-६२२ असा आकडा शोधा: २८ म्हणजे रुंदी आणि ६२२ म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

फोनचा उपयोग कसा करायचा?

- टायर बसवला त्या दिवशी फोटो काढा आणि किलोमीटर नोंदवा. स्ट्राव्हामध्ये सायकलच्या पार्ट्सची वेगळी नोंद ठेवता येते.
- राइडनंतर टॉर्च तिरपा धरून टायर फिरवा. बारीक काच चमकते. कॅमेरा झूम करून काप किती खोल आहे ते पाहा.
- टायर बसवताना त्यावरचा लोगो व्हॉल्व्हसमोर ठेवा. ट्यूबमध्ये भोक सापडलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते लगेच कळतं.

टायर कधी बदलायचा?

१. मधला भाग गोल न राहता सपाट झाला असेल.
२. रबराखालचे धागे दिसत असतील.
३. ट्रेडवरचे झीज दाखवणारे छोटे खड्डे बुजले असतील (सगळ्या टायरवर ते नसतात).
४. बाजूला काप किंवा फुगवटा असेल. हे सगळ्यात धोकादायक! अशा टायरवर घाट उतरू नका. वाटेत झालं तर आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा लावून सावकाश घर गाठा आणि टायर बदला.
५. काहीही न बदलता अचानक वारंवार पंक्चर होऊ लागलं असेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ट्यूबलेस घेतला तर प्रश्न मिटेल का?* बऱ्याच अंशी. आतलं सीलंट लहान भोकं चालता चालता बुजवतं. पण आपल्याकडच्या उष्णतेत ते लवकर सुकतं, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं लागतं. मोठ्या कापासाठी सोबत एक ट्यूब लागतेच.

*गुळगुळीत टायर पावसात घसरतो का?* नक्षी नसल्यामुळे नाही. सायकलचा टायर अरुंद असतो, त्यामुळे तो डांबरी रस्त्यावर पाण्यावर तरंगत नाही. पकड रबराच्या प्रकारावर आणि हवेवर ठरते.

*पंक्चर कधीच होणार नाही असा टायर आहे का?* हवेचा तर नाही. पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची रेस १८९१ मध्ये शार्ल तेराँ यांनी मिशेलिनच्या टायरवर जिंकली. त्या टायरचं वैशिष्ट्य पंक्चर न होणं हे नव्हतं, तर पंक्चर झाल्यावर तो रिमवरून काढून पटकन दुरुस्त करता येत होता.

थोडक्यात, रोजच्या ये-जा करण्याला जाड थराचा, लांबच्या राइडला मधला आणि रेसला लवचिक टायर घ्या. कुठलाही घेतलात तरी सोबत एक ट्यूब, पॅच, सोल्युशन, दोन लिव्हर आणि छोटा पंप ठेवा. आणि नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, जरा जपून, कारण तार तिथेच वाट बघत असते.