चिमूटभर मॅग्नेशियम

बोअरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या नागपूरकराला हे सांगायला नको. साबण कितीही घासा, फेस म्हणून येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. कारण पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन. प्रत्येकावर दोन धन भार. समोर ऋण भार दिसला की हे त्याला धरून बसतात, मग तो साबण असो नाहीतर आणखी काही.

आजची गोष्ट त्या 'आणखी काही'ची, म्हणजे डीएनएची. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही!

आपल्या एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. गुंडाळायचा म्हटलं तर अडचण अशी, की डीएनएवर सगळीकडे ऋण भार. स्वतःलाच दूर ढकलणारा दोरा घडी करायचा कसा? पेशी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळते. आठ हिस्टोनांचं एक रीळ, त्याभोवती डीएनएचे जवळजवळ पावणेदोन वेढे. हाच न्यूक्लिओसोम. हिस्टोनांवर धन भार असतो, पण तो पुरत नाही. निम्म्याच्या आसपास ऋण भार उरतोच. तिथे मॅग्नेशियम कामाला येतं.

हे कळलं कसं, ते मला जास्त आवडतं.

१९७३ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात ली बर्गॉइन आणि त्यांचा विद्यार्थी डीन ह्यूइश उंदराच्या यकृतातली केंद्रकं वेगळी काढून काम करत होते. या केंद्रकांत डीएनए तोडणारं एक एन्झाइम मुळातच असतं आणि ते चालायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही लागतात. डीएनए तुटला म्हणजे माल खराब झाला, असं म्हणून कुणीही तो बेसिनमध्ये ओतला असता. या दोघांनी तुकडे जेलवर चालवून पाहिले. डीएनए उघडा असता तर तो कुठेही तुटून नुसता फराटा दिसला असता. दिसली ती शिडी! एका ठरावीक लांबीचे तुकडे, मग तिच्या दुप्पट, तिप्पट. म्हणजे सारख्या अंतरावर काहीतरी डीएनएला झाकून बसलेलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकेत ओक रिज इथे डोनाल्ड आणि ॲडा ओलिन्स या नवरा-बायकोने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोऱ्यात ओवलेले मणी पाहिल्याचं छापलं. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये रॉजर कोर्नबर्गने रिळाचा हिशोब मांडला: आठ हिस्टोन आणि साधारण २०० बेसजोड्या. 'न्यूक्लिओसोम' हे नाव पडलं १९७५ मध्ये, फ्रान्समधल्या पिएर शाँबों यांच्या प्रयोगशाळेत.

सगळ्यांचं नशीब सारखं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या ख्रिस्तोफर वुडकॉक यांनाही ते मणी दिसले होते. पण त्यांचा लेख परीक्षकाने धुडकावला. शेरा साधारण असा, की हे खरं मानलं तर पाठ्यपुस्तकं पुन्हा लिहावी लागतील, तेव्हा हे कुठेच छापू नये. पाठ्यपुस्तकं पुन्हा लिहावीच लागली, हे सांगायला नकोच.

मॅग्नेशियमचा खरा मान १९७६ चा. केंब्रिजमध्येच जॉन फिंच आणि आरॉन क्लुग यांनी मण्यांची माळ मॅग्नेशियम नसलेल्या पाण्यात ठेवली तेव्हा ती सैल राहिली. लिटरला ०.२ मिलिमोल, म्हणजे अगदी चिमूटभर मॅग्नेशियम घातलं आणि माळ गुंडाळून जाड दोर झाला. जिवंत पेशीत असा नीटनेटका दोर असतो, यावर आता फारसा कुणाचा विश्वास नाही. पण मॅग्नेशियमने माळ आवळली जाते, हे टिकलं.

हा आयन नेमका कुठे बसतो? झुरिकमध्ये टिमथी रिचमंड यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली न्यूक्लिओसोमची बारकाईची रचना क्ष-किरणांनी उलगडली. स्फटिक करताना मॅग्नेशियमऐवजी त्याच्यासारखंच दोन धन भारांचं मँगनीज वापरलं होतं. २००२ मध्ये कर्ट डेव्ही आणि रिचमंड यांनी डीएनएच्या खाचेत हे आयन कुठे कुठे बसतात ते दाखवलं. मँगनीज म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला रामटेकजवळच्या मनसरच्या खाणी आठवणारच. आपण ज्याला मालगाड्या भरून जाणारं खनिज म्हणून ओळखतो, त्याचे मोजके आयन तिथे वाट दाखवत होते.

२०१८ मध्ये जपानी संशोधकांनी जिवंत पेशीतच पाहिलं, की पेशी दुभंगताना मोकळं मॅग्नेशियम थोडा वेळ वाढतं आणि गुणसूत्रं घट्ट व्हायला त्याची मदत होते. एरवी ते एटीपीला चिकटलेलं असतं. एटीपी खर्ची पडलं की सुटतं.

आणि आपलं नागपूर? डॉ. शेखर मांडे मूळ इथलेच. १९८४ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि पुढे प्रथिनांच्या रचनेकडे वळले. क्षयाच्या जंतूत न्यूक्लिओसोम नसतात, तरी डीएनए आवळावा लागतोच. त्यांच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेतून २००९ मध्ये आलेल्या कामात दिसलं, की दुसऱ्या प्रथिनांना घडी घालायला मदत करणाऱ्यांच्या कुळातलं जंतूचं एक प्रथिन डीएनएला चिकटून त्याला आवळतं.

हे सगळं लिहायचं कारण माझी भाची. इथेच बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. तीन महिने तिचं एकच काम चाललंय: नळीत मॅग्नेशियम थोडं थोडं वाढवायचं आणि न्यूक्लिओसोम केव्हा खाली बसतात ते वहीत लिहायचं. घरात कुणीतरी विचारलं, "मीठपाणी ढवळून पोट भरणार का गं?" आणि तेव्हापासून ती बी.एड.चा फॉर्म भरायचं म्हणतेय. बी.एड. वाईट नाही. शिक्षकच नसते तर मी हे लिहिलंच नसतं. पण मीठपाणी म्हणून सोडत असेल तर थांबावं, असं मला वाटतं.

कारण वरची सगळी गोष्ट मीठपाण्याचीच आहे. नळीत काय घातलं, किती घातलं, काय घातलंच नाही, एवढ्यावर शिडी दिसली, माळ दिसली, दोर दिसला. वहीतला तो 'मॅग्नेशियम, ०.२' असा रकाना कुणीतरी नीट भरला होता, म्हणून. नोकरीचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. घरच्या मंडळींनी निदान हे वाचून मग तिला सल्ला द्यावा.