निजलेलें अस्वल आणि बसलेला माणूस

७ सप्टेंबर १९४० पासून लंडन शहरावर जर्मन विमानांचे हल्ले सुरू झाले, तेव्हां हजारों नागरिक दिवेलागणीस अंथरूण-पांघरूण घेऊन तळघरांत व आश्रयस्थानांत उतरूं लागले. निजावयास जागा अपुरी. म्हणून कित्येकांनीं कापडी आरामखुर्च्या सोबत नेल्या आणि रात्रीमागून रात्री त्यांवर बसून काढल्या. बाँब त्यांच्यापर्यंत पोंचले नाहींत. तरीहि त्यांतील कांहीं माणसें अंगावर ओरखडाहि नसतां अकस्मात् मरण पावलीं.

गाईज हॉस्पिटलमधील न्यायवैद्यकाचे तज्ज्ञ डॉ. कीथ सिम्प्सन यांना अशा प्रेतांच्या तपासणींत एकच गोष्ट पुनःपुन्हां आढळली. फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनींत रक्ताची गुठळी अडकलेली असे, आणि ती पायांतील शिरांतून सुटून आलेली असे. १९३९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरशीं तुलना करतां १९४० च्या त्याच दोन महिन्यांत असे मृत्यु सहापट झाले होते. आरामखुर्चीचा पुढील लांकडी दांडा मांडीखालीं रुततो, शिरा दबतात, रक्त सांचतें आणि सांचलेलें रक्त गोठतें. डिसेंबर १९४० मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत सिम्प्सन यांनीं हें प्रसिद्ध केलें आणि खुर्च्यांऐवजीं निजण्याच्या फळ्या द्याव्या, असें सुचविलें.

गुठळी पायांत जन्मते व वाहत जाऊन फुप्फुसांत अडकते, हें बर्लिनच्या रुडॉल्फ फिरशौ यांनीं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वींच दाखविलें होतें. पण नवल असें, कीं ज्या वैद्यकाला हें ठाऊक होतें, तेंच रोग्यास अंथरुणाशीं खिळवून ठेवीत होतें! त्याच गाईज हॉस्पिटलचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांचा विश्रांतीची थोरवी सांगणारा ग्रंथ १८६३ मध्यें निघाला व पुढें दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. दुखावलेल्या सांध्यापुरतें त्यांचें म्हणणें बरोबरच होतें. परंतु अनुयायांनीं तें सर्व शरीरास लावलें, आणि प्रसूतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर आठवडेच्या आठवडे निजून राहणें हा शिरस्ता झाला. १९४७ मध्यें डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें अंथरुणाच्या धोक्यांवर खरमरीत लेख लिहिला. १९५४ मध्यें बोस्टनचे जॉन होमन्स यांनीं विमानांतील दीर्घ बैठकीकडेहि बोट दाखविलें.

मग सहा-सहा महिने गुहेंत निजणारें अस्वल मरत कसें नाहीं? (विदर्भांतील आपलें अस्वल असें निजत नाहीं, ही रीत थंड प्रदेशांतील अस्वलांची.) लहान प्राण्यांचें उत्तर आधीं मिळालें. शीतनिद्रेंत रक्त गोठण्यास अधिक वेळ लागतो, असें १९५२ मध्यें फिनलंडमध्यें हेजहॉगच्या बाबतींत आढळलें. बिळांत राहणाऱ्या अमेरिकन खारीचें शरीर त्या काळांत अगदीं थंडगार पडतें आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट नांवाच्या कणिका बहुतेक यकृतांत जाऊन बसतात. जाग येतांच कांहीं तासांत त्या परततात. अस्वलाचें शरीर मात्र कांहीं अंशांनींच थंड होतें, म्हणून त्याची युक्ति निराळी असली पाहिजे.

ती २०२३ मध्यें उघड झाली. म्यूनिकच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वीडनच्या अरण्यांतील १३ रानटी अस्वलांचें रक्त फेब्रुवारींत निजलेलें असतांना व जूनमध्यें हिंडत असतांना तपासलें. प्लेटलेटमधील एचएसपी ४७ नांवाचें प्रथिन निजलेल्या अस्वलांत सुमारें ५५ पटींनीं घटलें होतें. हें प्रथिन कमी झालें, कीं प्लेटलेट व पांढऱ्या पेशी यांचें सख्य तुटतें आणि शिरेंत गुठळी धरण्याची प्रवृत्ति मावळते.

याहून विलक्षण गोष्ट माणसांत सांपडली. पाठीचा कणा दुखावून पाय लुळे पडलेल्या रोग्यांस पहिल्या आठवड्यांत गुठळीचें मोठें भय असतें. पण वर्षानुवर्षें तसेच राहिलेल्यांस तें सामान्य माणसांहून अधिक नसतें. त्यांच्याहि प्लेटलेटमध्यें तेंच प्रथिन कमी आढळलें, आणि २७ दिवस अंथरुणावर निजविलेल्या निरोगी स्वयंसेवकांतहि तें उतरलें. म्हणजे जी सोय अस्वलास दर हिंवाळ्यास लाभते, ती मानवी शरीरासहि अगदींच परकी नाहीं. फक्त ती जमून येण्यास दिवस लागतात, आणि मारक गुठळी तितके दिवस थांबत नाहीं. हें प्रथिन औषधानें आधींच आवरतां येईल काय, याचा शोध चालू आहे.