आरशावरचं वाक्य आलं कुठून?

गांजा सोडायचा म्हटलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो वाक्याचा. 'मी मुक्त आहे', 'मला याची गरज नाही'. आरशावर चिकटवा, रोज म्हणा. रील्समधून येतो म्हणून हा सल्ला नवा वाटतो. पण तो शंभर वर्षं जुना आहे आणि एका औषधविक्रेत्याकडून आलाय.

एमिल कुए, जन्म १८५७, फ्रान्स. औषध देताना त्याचं कौतुक केलं की गुण जास्त येतो, हे त्याच्या दुकानातच लक्षात आलं. पुढे नान्सी शहरात तो लोकांना एक वाक्य फुकट देऊ लागला. आपण दिवसेंदिवस सगळ्याच बाबतींत सुधारतोय, असा त्याचा अर्थ. झोपताना आणि उठल्यावर वीस-वीस वेळा पुटपुटायचं, मोजायला वीस गाठींची दोरी. आपली जपमाळच म्हणा ना! १९२० नंतर हे वेड युरोप-अमेरिकेत पसरलं. कुएचं म्हणणं होतं, की इच्छाशक्ती आणि कल्पना भांडल्या तर कल्पनाच जिंकते. म्हणून दात-ओठ खाऊन काही सोडू नका.

इथवर मला पटतं. पण माझ्या फ्लॅटमेटने गांजा सोडला तेव्हा तिसऱ्या रात्री काय झालं, ते मी पाहिलंय. झोप नाही, जेवण जात नाही, शब्दाशब्दाला चिडचिड. आणि फोनवर दर तासाला नोटिफिकेशन, 'मी शांत आहे'. वाक्य खोटं ठरत होतं आणि त्याला वाटत होतं, आपणच कच्चे आहोत.

तो कच्चा नव्हता. नियमित गांजा ओढणाऱ्याने तो थांबवला की हीच लक्षणं दिसतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या नियमावलीत २०१३ साली त्यांना स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली.

२००९ साली जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटतं, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य घोकून उलट जास्त वाईट वाटतं. आम्ही कोडमध्ये 'असर्ट' लिहितो ना, तसंच हे. अट खरी नसेल तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

मग वाक्यं फेकून द्यायची का? नाही. १९८८ साली क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं 'सेल्फ-अफर्मेशन' वेगळं आहे. त्यात स्तुती नाही, आपल्याला काय मोलाचं वाटतं याची आठवण आहे. 'मी धाकट्या बहिणीचा आधार आहे' हे वाक्य तिसऱ्या रात्रीही खरंच असतं.

दुसरी वाट १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची. जन्मभराचं वचन नको, फक्त आजचा दिवस. आपल्याकडे व्यसनमुक्तीचं काम पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगणमधून उभं केलं. तिथेही माणूस एकटा आरशासमोर नसतो, सोबत बसलेले असतात.

शंभर वर्षांत वाक्य लहान होत गेलंय. 'मी सुधारतोय' पासून 'आज नाही' पर्यंत. तुमचा कुणी मित्र सोडत असेल तर त्याला मोठं वाक्य देऊ नका. आज रात्री खरं ठरेल एवढंच द्या आणि जमलं तर त्याच्यासोबत जागा. तेही पुरत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे.